रंग गेला, मीठ राहिले

दिवाळीच्या तोंडावर इचलकरंजीत कापड रंगवणाऱ्या प्रोसेसच्या यंत्रांना उसंत नसते, आणि त्यांचे सांडपाणी वाहणाऱ्या काळ्या ओढ्यालाही. हा ओढा पंचगंगेला मिळतो, पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत जाते. नदीचे पाणी ओसरले की तेरवाड बंधाऱ्यावरून मेलेल्या माशांच्या बातम्या येऊ लागतात. सगळे खापर कापडावर फोडणे अन्यायाचे होईल. गावोगावचे मैलापाणी आणि साखर कारखाने यांचाही त्यात मोठा वाटा आहे. पण पंचगंगा उशाला असलेल्या या शहराने पिण्याच्या पाण्यासाठी आधी कृष्णा गाठली, मग वारणेकडे पाहिले, मग दूधगंगेकडे. वारणेच्या योजनेला नदीकाठचे दानोळीकर आडवे आले, दूधगंगेवरच्या सुळकूड योजनेला कागलकर. त्यांचे तरी काय चुकले?

म्हणून यंदाच्या अंकात कापड आणि पाणी हा विषय घेतला. वाचकांना आधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण चर्चा नेहमी तिथेच फसते. आपण सगळे रंगाकडे पाहतो. ओढा लाल झाला की फोटो छापून येतो, नमुने घेतले जातात, नोटिसा निघतात. रंग हा या पाण्यातला सर्वांत प्रामाणिक दोष आहे; तो निदान दिसतो.

सुती कापडावर आज बहुतेक रिॲक्टिव्ह रंग चढवतात. हे रंग पाण्यात सहज विरघळतात, धाग्याकडे सहजी वळत नाहीत. त्यांना तिकडे ढकलायला मीठ लागते. गडद छटेसाठी लिटरमागे पन्नास-साठ ग्रॅम, कधी त्याहूनही जास्त. समुद्राच्या पाण्यात ते साधारण ३५ ग्रॅम असते. एवढे करूनही रंगाचा बराच भाग धाग्याला धरत नाही, धुलाईत वाहून जातो. मीठ तर सगळेच जाते.

आता हे धुलाईचे रंगीत पाणी काचेच्या चंचुपात्रात घ्या. हिराकस टाका, चुन्याची निवळी घाला, ढवळून ठेवा. थोड्या वेळात गढूळ पुंजके धरतात, जड होऊन तळाशी बसतात आणि वरचे पाणी बरेच निवळते. पाहणारा खूश होतो. त्या निवळलेल्या पाण्यात क्षार मोजणारा मीटर बुडवा, आकडा जवळजवळ तोच. कधी थोडा चढलेलाच, कारण हिराकस-चुन्याचे क्षारही त्यात मिसळले. जिवाणूंच्या टाक्या सेंद्रिय घाण खातात, मीठ खात नाहीत. शिवाय तळाचा गाळ घातक कचऱ्यात मोडतो, तो कुठे टाकायचा हा प्रश्न राहतोच. असे पाणी शेताला मिळत राहिले की जमीन चोपण होते, आणि तिचा फोटो कोणी काढत नाही.

मीठ काढायचे तर पाणी दाबाने पडद्यातून गाळावे लागते आणि उरलेला खारा अर्क आटवावा लागतो. तमिळनाडूतल्या तिरुपूरने हे केले, पण आपखुशीने नव्हे. नोय्यल नदीवरचे ओरथुपालयम धरण रंगीत, खाऱ्या पाण्याने भरले, शेतकरी कोर्टात गेले आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शेकडो रंगशाळा बंद करायला लावल्या. सरकारने बिनव्याजी कर्ज दिले, संयंत्रे उभी राहिली. आज तिथे शुद्ध केलेले पाणी आणि वेगळे काढलेले मीठ पुन्हा रंगाईलाच वापरतात. विजेचे बिल मात्र जबर येते.

घोडे पेंड खाते ते इथेच. आपल्याकडची रंगाई जॉबवर्कवर चालते, मीटरला अमुक दर. पाणी नीट शुद्ध करणाऱ्याचा दर चढतो आणि काम शेजाऱ्याकडे जाते. मालेगाव-इचलकरंजीचे कोरे तागे राजस्थानात पाली-बालोतऱ्याला रंगायला जातात, तिथल्या बांडी आणि लुणी नद्यांची कथाही वेगळी नाही. स्वस्त कापडाच्या किमतीतला न भरलेला हिस्सा कुठली तरी नदी भरते. कारखानदाराला केवळ दंड ठोकून हे सुटणार नाही. पाण्याचा खर्च प्रत्येक मीटरच्या दरात सक्तीने धरला गेला पाहिजे, सर्वांसाठी सारखा.

या अंकात साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती आहेत, त्यांच्यावर आमचा खर्च निघतो. तरीही त्या जाहिरातदारांना आम्ही विचारणार आहोत, की तुमचा माल कुठे रंगतो आणि त्याचे पाणी कुठे जाते. तुम्हीही खरेदीला जाल तेव्हा काउंटरवर हेच विचारा. उत्तर मिळाले तर आम्हाला कळवा. पुढच्या अंकात छापू.