टॅसिटस, इंग्रजीच्या वाटेने

लॅटिन येत नसेल तर रोमन इतिहासकारांच्या वाटेला जाऊ नये, असे मानणारे विद्वान आपल्याकडे आहेत. त्यांचे म्हणणे मला कधीच पटले नाही. परभणीत बसून टॅसिटस वाचायचा तर तो इंग्रजीतूनच, त्यात संकोच वाटण्याजोगे काही नाही. प्रश्न निराळा आहे. ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांच्या भाषेतून आपण साम्राज्याचा हा टीकाकार वाचतो, याचे भान आपण ठेवतो का?

इ. स. ९८च्या सुमारास टॅसिटसने आपल्या सासऱ्याचे, ब्रिटनचा सुभेदार अ‍ॅग्रिकोला याचे, चरित्र लिहिले. त्याच्या एकविसाव्या प्रकरणात अ‍ॅग्रिकोला ब्रिटन सरदारांच्या मुलांना रोमन विद्या शिकवतो. मग टोगा येतो, स्नानगृहे येतात, मेजवान्या येतात. या साऱ्याला ब्रिटन लोक ‘हुमानितास’ म्हणत, वस्तुतः तो त्यांच्या गुलामीचाच भाग होता, असा शेरा मारून टॅसिटस पुढे निघून जातो. सासऱ्याच्या गौरवग्रंथात हा शेरा यावा, हे विलक्षणच!

एकोणिसाव्या शतकातल्या चर्च आणि ब्रॉड्रिब यांच्या भाषांतरात हे ब्रिटन अज्ञानी ठरतात. मॅटिंग्लीचे भाषांतर हँडफर्डने सुधारून पेंग्विनसाठी सिद्ध केले, त्यात ते बेसावध होतात. अज्ञान्याची कीव येते, बेसावध माणसाची फसवणूक झालेली असते. ‘हुमानितास’ मात्र दोन्हीकडे ‘सिव्हिलायझेशन’च. त्यातले माणूसपण गळाले ते गळालेच.

हाच उतारा १८३८ साली चार्ल्स ट्रेव्हेल्यनने हिंदुस्थानातील शिक्षणावरच्या आपल्या पुस्तकात आधाराला घेतला. ट्रेव्हेल्यन म्हणजे मेकॉलेचा मेहुणा. शिक्षणामुळे ब्रिटन लोक रोमचे मित्र झाले, तसेच हिंदी लोक आमचे होतील, असा त्याचा निष्कर्ष. टॅसिटसचा निवाडा याच्या नेमका उलट आहे, हे सांगायला आपल्या अभ्यासक्रमात जागा असायला हवी.

आम्हा मराठवाड्यातल्यांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. १९४८पर्यंत इथे निजामाचे राज्य. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने भाषांतर विभाग काढून युरोपीय ग्रंथ उर्दूत आणले. काम मोठे होते, पण ते राज्यकर्त्यांच्या भाषेतले. मराठी घरच्या मुलांना शिकायचे तर त्याच भाषेतून शिकावे लागे. आमच्या आजोबांच्या पिढीपुढे अ‍ॅग्रिकोला एक नव्हता, दोन होते.

मागे एम. ए.च्या वर्गात मी हे वाक्य मराठीत करायला दिले होते. बहुतेकांनी ‘संस्कृती’ लिहिले, दोघांनी ‘सभ्यता’. एका मुलीने ‘सुधारणा’ लिहिले आणि तास तिथेच थांबला, कारण त्या एका शब्दासरशी चिपळूणकर आणि आगरकर दोघेही वर्गात येऊन बसले. सुधारणा हा गुलामीचा भाग? आगरकरांनी हे वाक्य फाडून टाकले असते, आणि मला वाटते, योग्यच केले असते. टॅसिटसला जात ठाऊक नव्हती, इथल्या विधवाही नव्हत्या. तरीही वहीत मी तिचाच शब्द ठेवला आहे.