खबऱ्याची परतीची वाट

हेरकथेच्या वाचकाला नायकाच्या साहसाइतकीच त्याच्या घरी परतण्याची ओढ असते. तथापि जाणत्या लेखकांनी हे परतणे सुखाचे रंगविलेले नाही. जॉन ल कारे यांच्या १९६३ च्या विख्यात कादंबरीतील हेर बर्लिनच्या भिंतीपाशीच गोळीला बळी पडतो. गोविंद निहलानी यांच्या १९९४ च्या ‘द्रोहकाल’ या चित्रपटात हस्तक पाठविणाऱ्या अधिकाऱ्याचे घरच दहशतीच्या कचाट्यात सापडते. कथा संपते, पुस्तक मिटते; पण प्रत्यक्षातील अशा माणसांचे पुढे काय होते?

१९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा शेवा बंदराच्या संदर्भात हा प्रश्न कल्पनेचा उरत नाही. तेथे उतरणारा प्रत्येक कंटेनर उघडून पाहावयाचे ठरविले, तर व्यापारच ठप्प होईल. म्हणून नेमका कोणता उघडावा, ही माहितीच सर्वांत मोलाची वस्तू ठरते. ऑगस्ट २०२० मध्ये बांबूसारख्या रंगविलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्यांत दडविलेले १९१ किलो हेरॉइन येथे पकडले गेले. २०२१ मध्ये सुमारे ३०० किलोंचा साठा हाती लागला. असा माल केवळ नजरेने ओळखू येत नाही. अनेकदा त्यासाठी आतल्या गोटातील कोणीतरी तोंड उघडावे लागते.

या माहितीचा मोबदला सरकार कसे देते? नियमानुसार बक्षिसाची कमाल मर्यादा साधारणतः २० टक्के आहे; पण ते सरकारची मेहेरबानी मानले जाते, खबऱ्याचा हक्क नव्हे. शिवाय अंतिम रक्कम खटला व अपिले निकालात निघेपर्यंत लांबते. म्हणजे धोका रोखीचा आणि मोबदला उधारीचा! हा व्यवहार कोणता शहाणा माणूस पत्करील?

पैशाच्या लोभाने खोट्या बातम्या येतील, ही खात्याची भीती अनाठायी नाही. परंतु माल प्रत्यक्ष हाती लागला की बातमीचा खरेपणा सिद्धच झालेला असतो. पुढील न्यायालयीन दिरंगाई हा काही खबऱ्याचा अपराध नव्हे. तेव्हा बक्षिसाचा ठरावीक हिस्सा जप्तीनंतर हक्काने मिळावा.

नाव गुप्त ठेवण्याची तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यापासून चालत आली आहे. मात्र गुप्तता म्हणजे पुनर्वसन नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेत नवी ओळख व स्थलांतर यांची सोय आहे. पण संरक्षण एका वेळी तीन महिन्यांहून अधिक काळ मिळत नाही. टोळ्यांचे वैर मात्र तीन महिन्यांत शमत नसते. २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेने अशी योजना आखण्याची जबाबदारी प्रत्येक राज्यावर टाकली आहे. महाराष्ट्राने ती पार पाडताना उरण-पनवेलच्या परिसरात टोळीच्या शेजारीच राहावे लागणाऱ्या खबऱ्याचा विचार केला पाहिजे.

ज्याला राज्य अंधारात पाठविते, त्याला उजेडात परत आणण्याची जबाबदारीही राज्याचीच आहे. ती टाळली गेली, तर उद्या बंदरावर पहारा राहील, यंत्रे राहतील. बोलणारा माणूस तेवढा उरणार नाही.