रक्त देण्याआधी वंशावळ सांगा



"पोरीची टेस्ट निगेटिव्ह आली, सिस्टर. आता ती सुटली न?" एटापल्लीच्या एका वस्तीतली ताई रिपोर्ट पुढे करून विचारत होती. तिला चाळिशीच्या आतच स्तनाचा कॅन्सर झालेला. केमोने केस गेलेले, पदर डोक्यावर घट्ट ओढलेला. शहरातल्या एका दवाखान्यात तिला सांगितलं होतं की हा रोग घराण्यातून येऊ शकतो, मुलीचं रक्त तपासून घ्या. भावाने घरचं धान विकून पैसे भरले.

ती सुटली, असं मला म्हणता येईना. रक्तच चुकीच्या माणसाचं घेतलं होतं.

बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुकं आपल्या सगळ्यांच्या शरीरात असतात, पुरुषांच्याही. पेशीतली मोडतोड दुरुस्त करणं हे त्यांचं काम. त्यांत जन्मतः बिघाड असेल तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो. स्तनाच्या शंभर कॅन्सरांपैकी साधारण पाच ते दहाच असे वारशाने आलेले असतात. म्हणून शक्य असेल तेव्हा आधी आजारी बाईचं रक्त तपासायचं. तिच्यात बिघाड सापडला, तर नेमका तोच मुलीत शोधायचा. मुलीत तो नसेल, तर आईकडचा तो धोका तिच्याकडे आलेला नाही. पण आईचं तपासलंच नाही, तर मुलीच्या निगेटिव्हवर विसंबता येत नाही. ती ताई चार महिन्यांनी गेली. मुलीचा रिपोर्ट घरात पत्र्याच्या पेटीत आहे.

दवाखान्याला बोल लावण्याआधी माझी चूक सांगते. वॉर्डात असताना "घरात कुणाला कॅन्सर होता का?" हे मी आई, मावशी, आजीपर्यंतच विचारत असे. बापाकडचं कधी विचारलं नाही. बिघाड आईत असो की बापात, प्रत्येक लेकराला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. बाप ठणठणीत असतो आणि आत्या तरुणपणी गेलेली असते. शिवाय आपल्याकडे कॅन्सर हा शब्द घरात उच्चारत नाहीत. "पोटात पाणी झालं अन् गेली," एवढंच सांगतात. ते पाणी कधी कधी अंडाशयाच्या कॅन्सरचं असतं.

लपवण्याचं एक कारण लग्न. दुसरं जास्त खोल आहे: मागच्या जन्माचं पाप. बौद्ध घरातही हे ऐकलं की मला राग येतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी आईबापाकडून येणारा वारसा आणि पूर्वजन्मीचं कर्म या दोन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या केल्या आहेत. जनुक आईबापाकडून येतं. त्यात त्या बाईचा काय गुन्हा?

छाती तपासण्याची शिबिरं होतात, ती व्हावीतच. मुंबईच्या टाटा मेमोरियलने 1998 पासून तिथल्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायांचा अभ्यास केला. निम्म्यांची छाती प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातांनी तपासत. वीस वर्षांनी दिसलं की पन्नाशीपुढच्या बायांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा फायदा दिसला नाही. आणि वारशाचा कॅन्सर बऱ्याचदा याच वयात गाठतो. या बाया शिबिरातून निसटतात. त्या शोधायच्या तर घराण्याची चौकशी हवी, आणि ती आशाताईही कागद-पेनावर करू शकते.

पण चौकशी करून लगेच रक्त काढायला धावू नये. आधी बसून बोलावं. उत्तर तीन तऱ्हेचं येऊ शकतं: बिघाड आहे, बिघाड सापडला नाही, किंवा बदल दिसतो पण तो घातक आहे की नाही हे आज सांगता येत नाही. या तिसऱ्या उत्तरावर घाबरून कुणी ऑपरेशन करून घेऊ नये. बिघाड असला म्हणजे कॅन्सर झालाच, असंही नाही. पण मग तरुण वयापासून दरवर्षी एमआरआय, मुलंबाळं झाल्यावर अंडाशय काढण्याचा विचार, हे सगळं येतं. एमआरआयचं यंत्र एटापल्लीत नाही. सुरजागडच्या ट्रकांमागे धूळ खात आलापल्ली, गडचिरोली आणि वेळ पडली तर नागपूर. हा खर्च कोण करणार, हे रक्त देण्याआधी बोललं पाहिजे. पुढची सोय न सांगता विकलेली टेस्ट म्हणजे भीतीचा धंदा, असं माझं स्पष्ट मत आहे. गरज असलेल्या बाईची टेस्ट आणि पुढची तपासणी सरकारने फुकट करावी, आणि जिल्हा रुग्णालयात हे समजावून सांगणारी प्रशिक्षित नर्स असावी, ही मागणी आपण लावून धरू. अठरा वर्षांखालच्या पोरींची ही टेस्ट करू नये. रिपोर्ट ज्या बाईचा, तो कुणाला दाखवायचा हे तिनेच ठरवावं. सासरच्यांनी मागितला म्हणून द्यायचा नाही.

गेल्या महिन्यात विहारात वंदना झाल्यावर आम्ही पाच घरांच्या वंशावळी काढल्या. कोण, कोणत्या वयात, कशाने गेलं. चार घरांत काळजीचं काही निघालं नाही. पाचव्या घरात म्हातारे बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माह्या दोन्ही बहिणी पोट फुगून गेल्या, बाई. चाळिशीही नव्हती." त्यांच्या मुलीला मागच्या वर्षी गाठ झाली होती, उपचार सुरू आहेत. तो कागद घेऊन ती पुढच्या तपासणीला नागपूरला जाणार आहे. सोबत मी जाते आहे.