मुक्या जिवांची साक्ष

'आमच्या औषधांना शतकानुशतकांचा अनुभव आहे, त्यांना उंदरांची साक्ष कशाला?' असे आपल्या सभा-संमेलनांतून अभिमानाने म्हटले जाते. सभागृहाबाहेर मांडलेल्या माहितीपत्रकांवर मात्र 'प्राण्यांवरील प्रयोगांत सिद्ध' असे ठळक अक्षरांत छापलेले असते. या विसंगतीचा विचार वैद्यवर्गाने आणि औषधनिर्मात्यांनी आता करावयास हवा, असे आम्हांस वाटते.

परंपरेचा कौल एकपदरी नाही. वाग्भटाचार्यांनी सद्वृत्तात किडामुंगीविषयीही आत्मभाव सांगितला. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मात्र विषयुक्त अन्नाची परीक्षा माश्या, कावळे यांच्यावरून करण्याची रीत नोंदलेली आहे. भूतदया आणि परीक्षा, दोन्ही आपल्याच आहेत. प्रश्न आहे तो विवेकाचा.

हा विवेक प्रयोगाआधी हवा. उंदराला वांती होऊच शकत नाही, मग मदनफळाचे वामक कर्म त्याच्यावर कसे पडताळणार? प्रकृती, अग्नी, अनुपान यांचा विचार तर दूरच राहिला. ज्या प्रश्नाचे उत्तर तो जीव देऊच शकत नाही, त्यासाठी त्याचा प्राण घेणे हे शास्त्र नव्हे. ज्ञात वनस्पतीवर तोच प्रयोग केवळ पदव्युत्तर प्रबंधाची पाने भरण्यासाठी पुन्हा करणे हेही त्याच पंक्तीतले.

याउलट 2004 साली अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदीय उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले आणि आपल्या शास्त्राच्या विश्वासार्हतेला धक्का बसला. तो दोष उघड करण्यासाठी एकाही प्राण्याचा बळी द्यावा लागला नव्हता. रासायनिक तपासणी पुरेशी ठरली. तीच तपासणी निर्मात्याने आधी केली असती तर?

तरीही सरसकट विरोध आम्हांस मान्य नाही. अनुसूची ई (1) मधील विषारी द्रव्ये असलेल्या प्रोप्रायटरी औषधांसाठी औषध नियमावलीतील नियम 158-बी सुरक्षितता-अभ्यास मागतो, आणि तो योग्यच आहे. अहिंसेच्या नावाखाली ही परीक्षा टाळली, तर तोच प्रयोग नकळत रुग्णावर होतो. त्या बिचाऱ्याची संमतीही कोणी घेतलेली नसते.

मार्ग मधला आहे. 1959 साली रसेल आणि बर्च यांनी पर्याय, संख्येत घट आणि वेदनेत घट ही त्रिसूत्री मांडली. आपल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही शक्य तेथे असे प्रयोग टाळण्यास सांगितले आहे. निम्मे प्राणी मरेपर्यंत मात्रा मोजणारी जुनी पद्धत ओईसीडीने 2002 मध्ये आपल्या मार्गदर्शिकांतून वगळली. 2023 मध्ये भारताच्या नव्या औषधविषयक नियमांत पेशीसंवर्धनादी पर्यायांना स्थान मिळाले.

औषधनिर्मात्यांनी द्रव्याची ओळख, शोधन आणि जड धातूंची तपासणी आधी पूर्ण करावी. त्यानंतरही प्रश्न उरला, तरच संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे जावे. वैद्यांनी आपल्या बाह्यरुग्ण विभागातील प्रत्येक अनिष्ट परिणामाची नोंद करून ती औषध-दक्षता केंद्राकडे पाठवावी. आज आपल्यापैकी किती जण हे करतात? अनुभवाचा वारसा सांगणाऱ्यांनी अनुभव लिहून ठेवला नाही, तर त्याची किंमत कधी मुका जीव मोजतो, कधी विश्वासाने आलेला रुग्ण.