पिल्लाच्या अंगावरच्या गांधी आणि आपलं अणुव्रत

हौसेनं बुलडॉगचं पिल्लू घरी आणायचं आणि त्याच्या अंगावर पित्त उठलं की "जाईल आपोआप" म्हणायचं, हे मला पटत नाही. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अन्नपाननिरोध सांगितला आहे. पाळलेल्या जीवाच्या औषधाला उशीर करणं मला त्याच पंगतीतलं वाटतं.

मधमाशीचा डंख, लस किंवा नवं खाणं यानंतर काही मिनिटांत वा तासांत गांधी उठू शकतात. बुलडॉगचे केस आखूड, त्यामुळे त्या चटकन दिसतात. फोटो काढा, काय खाल्लं ते लिहून ठेवा आणि पशुवैद्यांना विचारा. घरातली सर्दी-ॲलर्जीची गोळी मनानं देऊ नका. काही गोळ्यांतले घटक कुत्र्याला विषारी असतात. तोंड सुजलं, उलट्या झाल्या, पिल्लू गळून गेलं किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. चपट्या नाकामुळे त्याची श्वासाची वाट मुळातच अरुंद असते.

अंथरूण स्वच्छ ठेवलं, तर पिसवा मारायची वेळही कमी येते. यत्नाचार म्हणजे तरी दुसरं काय?