दान झाले, न्याय राहिला

१८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत आचार्य विनोबांच्या भूदानाचा आरंभ झाला, तेव्हा बीड जिल्हाही त्याच हैदराबाद राज्यात होता. ध्येय ५ कोटी एकरांचे. जमीन मिळाली ४० लाख एकरांच्या आसपास, त्यातही बरीच नापीक. दात्यांचे अंतःकरण द्रवले; भूमिहीनाला बैल, बियाणे, पाणी पुरविणारी व्यवस्था मात्र उभी राहिली नाही. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यालाही पळवाटा फुटल्या. आजही दसरा सरला की सिरसाळा परिसरातील ऊसतोड कुटुंबे कोयता घेऊन परमुलखाची वाट धरतात. मुलांची शाळा मागे राहते. हृदयपरिवर्तन हवे, कायदाही हवा. परंतु दोहोंना नित्य जागरूक समाजाचा आधार लागतो. टोळी परतेपर्यंत तिची मुले सांभाळण्याचे दायित्व गावातील सज्जनशक्तीने स्वीकारावे. न्याय्य समाजाचा आरंभ तेथूनच होईल.