आधी कुदळ, मग माणिक

हल्ली कोणी "रुबी शिकायची आहे, कुठून सुरुवात करू?" असं विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं. एक चांगलं पुस्तक घे आणि पहिल्या पानापासून वाच. त्यावर समोरचा असा बघतो, जणू मी त्याला पुण्याहून मुंबईला बैलगाडीने जायला सांगितलंय. व्हिडिओ आहेत, ट्युटोरियल्स आहेत, आणि आता तर एआय मराठीत सांगितलं तरी कोड लिहून देतो. मग एवढं जाडजूड पुस्तक कशाला? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज जरा सविस्तर उत्तर.

पुस्तक म्हणजे डेव्ह थॉमस आणि अँडी हंट यांचं 'प्रोग्रॅमिंग रुबी'. युकिहिरो मात्सुमोतो (सगळे त्यांना 'मात्झ' म्हणतात) यांनी १९९३ मध्ये ही लँग्वेज लिहायला घेतली आणि १९९५ च्या डिसेंबरमध्ये ती लोकांसमोर आली. तेव्हा पर्ल नावाची स्क्रिप्टिंग लँग्वेज जोरात होती. पर्ल म्हटलं की मोती आठवतो, म्हणून ही माणिक! पण रुबीबद्दलचं बहुतेक लिखाण जपानीत. २००० साली हे पुस्तक आलं आणि जपानबाहेरच्या लोकांना रुबीचं दार उघडलं. लेखकांनी पहिली आवृत्ती इंटरनेटवर फुकट वाचायलाही ठेवली. मुखपृष्ठावर एक कुदळ आहे, त्यामुळे जगभर या पुस्तकाला 'पिकॅक्स' म्हणतात. माणिक हवं तर खणायला लागणारच.

आता आपल्याकडे ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणजे काय ते कसं शिकवतात ते आठवा. एन्कॅप्सुलेशन, इनहेरिटन्स, पॉलीमॉर्फिझम या तीन व्याख्या पाठ करायच्या, व्हायवाला घडाघडा म्हणायच्या, आणि उदाहरण विचारलं की "डॉग इज ॲन ॲनिमल" म्हणून मोकळं व्हायचं. नोकरी लागेपर्यंत त्या कुत्र्याचा पुन्हा संबंध येत नाही :-)

पिकॅक्सच्या पहिल्या आवृत्तीत कुत्रा नाही, ज्यूकबॉक्स आहे. आधी गाण्याचा क्लास: नाव, गायक, किती सेकंदांचं. मग कॅरिओकेचं गाणं, म्हणजे तेच गाणं अधिक त्याचे शब्द, आणि इथे इनहेरिटन्स येतं. मग पुष्कळ गाणी झाली, ती ठेवायची कुठे? म्हणून यादी. यादीतून हवं ते गाणं शोधायचं कसं? म्हणून ब्लॉक आणि इटरेटर. प्रत्येक नवी गोष्ट येते ती आधीच्या पानावर तिची गरज पडली म्हणून. व्याख्या पाठ करायची वेळच येत नाही.

आणि रुबी 'सगळं काही ऑब्जेक्ट आहे' हे नुसतं म्हणत नाही, पाळते. जावामध्ये साधा इंट हा ऑब्जेक्ट नसतो. रुबीत ५ हा आकडाही ऑब्जेक्ट, त्याला 'टाइम्स' सांगितलं की तो दिलेला ब्लॉक पाच वेळा चालवतो. 'काहीच नाही' हे सांगणारा निल सुद्धा ऑब्जेक्ट, त्याचाही क्लास आहे. बेरीज म्हणजे पहिल्या आकड्याला पाठवलेला निरोप: तुझ्यात हा दुसरा मिळव. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी लँग्वेज आपोआप उलगडते. पण ते सुटं वाक्य म्हणून वाचून बसत नाही. पन्नास पानं त्यातच वावरावं लागतं.

"बरं, बसलं नाही तर काय बिघडतं? काम तर होतंय ना?" बघू या. समजा सोसायटीची मेंटेनन्स थकवणाऱ्यांची विंगप्रमाणे यादी करायची आहे. सरळ मार्ग म्हणजे एक हॅश. तो बनवतानाच कंसात रिकामा ॲरे द्यायचा, म्हणजे विंग नवीन असेल तर रिकामी यादी मिळेल, आणि मग दोन 'लेस दॅन' चिन्हांनी फ्लॅट नंबर त्यात ढकलत जायचं. कोड वाचायला सुंदर, एरर एकही नाही. आता ए विंगमध्ये १०२ टाका, बी विंगमध्ये ३०४ टाका आणि ए विंगची यादी मागा. दोन्ही फ्लॅट येतात. बी विंगचीही तीच यादी. जी बांधलेलीच नाही त्या डी विंगची मागितली तरी तीच! आणि कहर म्हणजे अख्खा हॅश छापला तर तो रिकामा.

यावरचा उपाय शोधायला दोन मिनिटं लागतात: रिकामा ॲरे थेट देऊ नका, ब्लॉक द्या, आणि ब्लॉकमध्ये नवा ॲरे बनवून त्या विंगच्या नावाने हॅशमध्ये ठेवा. चिकटवलं, चाललं, घरी गेलो. पण का चाललं? त्यासाठी तीन गोष्टी कळायला हव्यात. एक, व्हेरिएबल म्हणजे डबा नव्हे, ती दारावरची पाटी आहे. एकाच घराला दोन पाट्या असू शकतात. दोन, आपण दिलेला ॲरे हा एकच ऑब्जेक्ट होता, प्रत्येक अनोळखी विंगला त्याचंच दार दाखवलं जात होतं, आणि तो हॅशमध्ये कोणी ठेवलाच नव्हता. तीन, ब्लॉक म्हणजे राखून ठेवलेला कोड, तो दर वेळी नव्याने चालतो आणि दर वेळी नवा ॲरे बनवतो. या तिन्ही गोष्टी पिकॅक्समध्ये सुरुवातीच्या काही प्रकरणांतच येतात. ज्याने ती वाचली त्याला हा बग चालवण्याआधी दिसतो. ज्याने नाही वाचली तो नोटीस बोर्डावर वेळेवर पैसे भरणाऱ्या माणसाचं नाव लावून मोकळा होतो. त्या माणसाला जाऊन सांगा, कोड एआयने लिहिला होता म्हणून!

माझा खरा मुद्दा हाच आहे. शोधून किंवा विचारून मिळतं ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. पण नवख्या माणसाला कोणता प्रश्न विचारायचा हेच माहीत नसतं. चांगलं पुस्तक तो प्रश्न आधी आपल्यात उभा करतं. एआयवर माझा राग नाही, मी तो रोज वापरतो, आणि वर सांगितलेला हॅश तो बहुतेक वेळा बरोबर लिहूनही देईल. पण बरोबर आहे की नाही हे ठरवणार कोण? कमिटवर नाव आपलं असतं. रात्री दोनला फोन येतो तो आपल्यालाच.

आता एक आक्षेप खरा आहे: पुस्तकं शिळी होतात. त्या फुकटच्या पहिल्या आवृत्तीवर आज विसंबू नका. रुबी १.८ पर्यंत स्ट्रिंगचं शून्यावं अक्षर मागितलं तर आकडा मिळायचा, १.९ पासून अक्षर मिळतं. छोट्या-मोठ्या पूर्णांकांचे दोन वेगळे क्लास होते, ते २०१६ मध्ये रुबी २.४ ने एक केले. म्हणून नवी आवृत्ती घ्या. २०२३ च्या नाताळात आलेल्या रुबी ३.३ वर बेतलेली पाचवी आवृत्ती आहे, नोएल रॅपिन यांनी नव्याने लिहिलेली. ज्यूकबॉक्स मात्र मधल्या आवृत्त्यांतच गेला, त्याची जागा पुस्तकाच्या दुकानाने घेतली. बाकी वर सांगितलेल्या पाटी, घर आणि ब्लॉक या गोष्टी २००० साली होत्या तशाच आहेत.

वाचायचं कसं? कादंबरीसारखं सोफ्यावर लोळत नाही. शेजारी आयआरबी उघडा, उदाहरण हाताने टाइप करा (कॉपी-पेस्ट नको), आणि एंटर दाबायच्या आधी उत्तर काय येईल ते मनाशी ठरवा. अंदाज चुकला की तिथेच थांबा, खरं शिकणं तिथे आहे. मग उदाहरणाशी खोड्या करा. मोकळ्या वेळात व्हेरिएबलला चक्क देवनागरी नाव देऊन बघा, चालतं. क्लासला द्या, चालत नाही. का? क्लासचं नाव कॅपिटल अक्षराने सुरू व्हावं लागतं आणि आपल्या लिपीत कॅपिटलच नाही! हा नियम आता जन्मात विसरणार नाही.

शनिवारी एक प्रकरण, रविवारी त्यावर स्वतःचा पन्नास ओळींचा प्रोग्रॅम. दोन-तीन महिन्यांत पुस्तकाचा शिकवणीचा भाग उरकतो, उरलेला भाग लागेल तसा चाळायचा असतो. तेवढ्या वीकेंडांत आपण एखादी वेब सिरीज सहज संपवतो, आणि तिचा बग रात्री दोनला कोणाला सापडत नाही.

असो. पटलं तर या शनिवारीच पहिलं प्रकरण काढा. नाही पटलं तर निदान तो हॅश एकदा चालवून बघा.